एक हंगाम हरला म्हणून कबड्डीच्या सरांना बदलावे का?

केजकर (प्रश्न)

नमस्कार. मी केज तालुक्यात शेती करतो. ज्या महाविद्यालयात शिकलो त्याच्या कबड्डी संघाचे गुणपत्रक गेली चार वर्षे मीच लिहीत आलो आहे, त्यामुळे पुढे मांडतो ते ऐकीव नाही. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, आसपासच्या खुल्या स्पर्धा आणि दोन यात्रांमधील सामने धरून आमच्या मुलांनी 12 सामने खेळले. त्यांपैकी 2 जिंकले आणि 10 हरले. गेल्या वर्षी याच सरांच्या हाताखाली हा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

माजी खेळाडूंनी प्राचार्यांना देण्यासाठी एक निवेदन तयार केले असून त्यात एकच मागणी आहे, ती म्हणजे प्रशिक्षक बदलावा. त्यावर माझी सही हवी आहे आणि मला रविवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. सर तासिका तत्त्वावर नेमलेले आहेत, म्हणजे निवेदन गेले तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावणे येणार नाही, इतके ते सोपे आहे. सकाळी सहा वाजता मैदानावर पोहोचून स्वतःच्या हाताने फक्कीच्या रेषा मारणारा हा माणूस आहे, म्हणून माझा हात अडतो. परंतु दहा पराभवही मीच कागदावर उतरवले आहेत.

यंदा काय काय घडले तेही सांगतो. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मैदानावर पाणी साचले, बाहेरून आणून टाकलेली तांबडी माती वाहून गेली आणि सराव तीन आठवडे बंद राहिला. त्यानंतर डावा कोपरारक्षक, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाचा गडी, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला, त्याच्या आतल्या बाजूचा एक मध्यरक्षक पोलीस भरतीच्या तयारीसाठी बाहेरगावी राहू लागला आणि मुख्य चढाईपटूचा गुडघा दुखावला. सातपैकी तीन जागा अशा रिकाम्या झाल्या. दहा पराभवांपैकी सहा सामने आम्ही पाच किंवा त्याहून कमी गुणांनी गमावले.

शेवटचा सामना माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आम्ही 27-24 असे पुढे होतो, दोन मिनिटेही उरली नव्हती आणि मॅटवर आमचे तीनच गडी होते. त्यांचा चढाईपटू डाव्या बाजूला आत शिरला आणि आमच्या नव्या कोपऱ्याने त्याचा घोटा अगदी नीट पकडला. ती पकड टिकली असती तर अव्वल पकडीचे, म्हणजे तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीचे, दोन गुण मिळून सामना तेथेच संपला असता. पण मध्यरक्षक क्षणभर जागेवरच राहिला, उशिरा धावून गेला, आणि तोपर्यंत चढाईपटूने अंग लांबवून मध्यरेषेला बोटे टेकवली होती. दोघेही बाद झाले आणि गुण झाले 27-26. उरलेला एकटा मुलगा चढाईला गेला, त्याची पकड झाली, सगळा संघ बाद झाल्याने दोन जादा गुणांचा लोण चढला आणि फलक 29-27 असा उलटला. राहिलेली काही सेकंदे त्यांनी कोरी, म्हणजे गुण न घेता परतायची, चढाई करून काढली. मध्यरक्षक मॅटच्या कडेला बुटाची नाडी सोडत बसला होता आणि ती गाठ त्याला सुटत नव्हती.

या हरण्यात सरांचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे प्रामाणिकपणे कसे ठरवावे? मी सही करावी का?


निवृत्त क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

केजकर, आपण ज्या बारकाईने तो प्रसंग लिहिला आहे, त्यावरूनच निम्मे उत्तर देता येते. मी 31 वर्षे शाळेतील मुलांना कबड्डी शिकवली. कोपऱ्याने घोटा धरला की पाहणाऱ्याला वाटते पकड त्याची आहे, परंतु ती नेहमी दोघांची असते. कोपरा पाय अडकवतो तो फक्त एका श्वासापुरता, आणि चढाईपटूचे तोंड मध्यरेषेकडे वळण्याच्या आत शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच्यावर जाऊन आदळले पाहिजे. चांगला मध्यरक्षक चढाईपटूच्या हातांकडे फारसे पाहत नाही, तो आपल्या कोपऱ्याच्या खांद्याकडे पाहतो. कोपरा झेपावण्याआधी त्याचा खांदा किंचित खाली जातो आणि तोच मध्यरक्षकाचा इशारा असतो. प्रत्येकाचा खांदा निराळ्या तऱ्हेने खाली जातो, म्हणून जोडी जमायला महिने लागतात. आपला कोपरा गेला, एक मध्यरक्षकही गेला, आणि त्या जागी आलेल्या मुलांनी एकमेकांना किती दिवस पाहिले असेल? तो क्षणभराचा उशीर मी सरांच्या नावावर लिहिणार नाही.

दुसरे मातीचे आणि मॅटचे. आपल्याकडे सराव मातीवर होतो आणि वरच्या स्पर्धा मॅटवर. मॅटवर बुटाला पकड मिळते, त्यामुळे चढाईपटू मातीपेक्षा फार जोरात वळतो. मातीवर तो घसरतो तेव्हा जे अर्धे पाऊल आपल्याला मिळते, ते तेथे मिळत नाही. मातीत वाढलेला मुलगा पहिल्या सत्रात याच फरकाने चुकत राहतो. तालुक्याच्या महाविद्यालयाकडे 13 मीटर बाय 10 मीटरचा मॅट नसणे हा सरांचा दोष म्हणता येत नाही.

परंतु एक गोष्ट मी विचारणारच. नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला प्रत्येक सत्रात तीस सेकंदांचे दोन टाइम आउट मिळतात. 27-24 अशी आघाडी, मॅटवर तीनच गडी आणि बाकावर राखीव खेळाडू बसलेले असताना सरांनी खेळ थांबवला होता का? थांबवून एवढेच सांगायचे होते की आता पकड करायची नाही, मागे राहा, बोनसची (बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या गुणाची) भीती नाही, त्याला तीस सेकंद फिरून जाऊ द्या. समोर सहा किंवा अधिक गडी असले तरच बोनस मिळतो, तिघांसमोर तो मिळतच नाही. ज्या मुलाने घोटा धरला त्याचे धैर्य मोठे होते, पण ती वेळ धैर्याची नव्हती, आणि ते सांगणे बाहेर बसलेल्या माणसाचे काम होते. फक्त त्यांच्या त्याआधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या असतील, तर ती तिसरी चढाई निर्णायक ठरते, गुण न घेता परतला तर तो आपोआपच बाद होतो. तसे असेल तर पकडीला जाणे दुप्पट अनावश्यक होते. आपल्या गुणपत्रकात टाइम आउटची नोंद असेलच. सहाही निसटत्या सामन्यांची पाने काढून पाहा आणि मग सहीचा विचार करा.


माजी कोपरारक्षक, धारूर

मी या संघातला नाही, पण आपण ज्या डाव्या कोपऱ्याबद्दल एका वाक्यात लिहिले आहे, त्याच्या जागी मी स्वतः होतो, म्हणून थोडे लिहितो.

आमच्या घरी आईवडिलांचा कोयता होता, म्हणजे ते जोडीने ऊस तोडायला जायचे. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली जायची आणि दिवाळी होते न होते तोच टोळी सांगलीकडे निघायची. मी पहिल्या वर्षाला असताना वडिलांची पाठ धरली. एक माणूस कमी पडला तर उचल फिटत नाही, म्हणून मी गेलो. त्या वेळी आमचा संघ पुढच्या फेरीत पोहोचलेला होता. फडात पहाटे चारला उठून मोळ्या बांधताना मला रोज आठवायचे की आज सराव आहे. माझ्या जागी जो मुलगा खेळला तो उजव्या बाजूचा होता, त्याला डावीकडे उभे केले आणि संघ हरला. गावात लोक सरांना बोलले. माझे नाव कोणी घेतले नाही, कारण मी का गेलो ते सगळ्यांना ठाऊक होते. मग तेच कारण सरांच्या हिशेबात का धरले गेले नाही, हे मला आजही कळलेले नाही.

आमचे सर दर रविवारी फोन करायचे. खेळाचे ते बोलत नसत. परीक्षेचा अर्ज भरला आहे, शुल्काची मुदत अमुक तारखेला आहे, मार्चमध्ये आल्यावर अमुक दोन विषयांच्या वह्या तयार असतील, एवढेच सांगत. त्या रविवारच्या फोनमुळे मी पदवीधर झालो. आपण आपल्या सरांबद्दल हे विचारून पाहावे, की गेलेल्या मुलाशी त्यांचा संपर्क आहे का? आणि प्राचार्यांना काही लिहायचेच असेल तर हेही लिहावे, की ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. त्या किंवा इतर कोणत्याही वसतिगृहात त्या मुलाची सोय लागते का, हे महाविद्यालयाने पाहावे. कोपरा गावात राहिला तरच सराव होईल. प्रशिक्षक कोणीही आणा, दिवाळीनंतर मैदानावर कोण उरते यावरच आपला हंगाम ठरतो.


एक माजी खेळाडू, लातूर

वरची दोन्ही उत्तरे मनापासून पटली, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते न लिहिता राहणे मला बरोबर वाटत नाही. सरांची परिस्थिती कठीण आहे हे मान्य केले, तरी कठीण परिस्थितीत ते मुलांशी कसे वागले हा प्रश्न उरतोच. तो गुणपत्रकात दिसत नाही.

मी मुलींच्या संघात चढाई करायचे. एका सामन्याआधी माझा घोटा मुरगळला होता. आमच्या प्रशिक्षकांनी पट्टी बांधून मला उतरवले, आम्ही जिंकलो, माझे कौतुक झाले, आणि त्यानंतर तो पाय पूर्वीसारखा कधीच झाला नाही. पायऱ्या उतरताना आजही मी कठड्याला हात लावते. त्या वर्षी आमचा हंगाम उत्तम गेला होता. जिंकण्याहरण्याच्या आकड्यांवरून प्रशिक्षक मोजायचा झाला, तर ते फार चांगले प्रशिक्षक ठरतील.

म्हणून केजकर दादा, माझे दोन प्रश्न आहेत. मुख्य चढाईपटूचा गुडघा ज्या दिवशी पहिल्यांदा दुखला, त्या दिवसापासून त्याला किती दिवस बसवले गेले? दुखण्यासह तो किती सामने खेळला? आणि ज्या मध्यरक्षकाला नाडीची गाठ सुटत नव्हती, त्याच्याजवळ त्या संध्याकाळी कोण गेले, आणि त्याला सगळ्यांसमोर काय बोलले गेले? या दोन्हींची उत्तरे वाईट असतील तर मी सही करीन, मग संघ दहाऐवजी दोनच सामने हरला असता तरीही. उत्तरे चांगली असतील तर त्या निवेदनाला माझा विरोध राहील. माजी खेळाडूंना विचारू नका, आताच्या मुलांना विचारा, आणि सर समोर नसताना विचारा.


परभणीकर

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि नंतर संशोधनासाठी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, मॅनहॅटन या लहान शहरात काही काळ राहिलो. तेथील कॅन्सस स्टेट विद्यापीठ आपल्या परभणीप्रमाणेच शेतीच्या शिक्षणासाठी ओळखले जाते. शनिवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की सारे गाव जांभळ्या रंगाचे कपडे घालून मैदानाकडे निघते. तो खेळ पाहताना मला सारखी कबड्डी आठवायची. फळी धरून उभे राहायचे, समोरच्याला अंगाने अडवायचे आणि इंचाइंचाने जमीन मिळवायची.

त्या मैदानाला बिल स्नायडर या प्रशिक्षकांच्या कुटुंबाचे नाव आहे. त्यामागची हकीकत या प्रश्नाला लागू पडते. त्यांची नेमणूक झाली तेव्हा 1988 च्या हंगामात संघ 11 पैकी 11 सामने हरलेला होता. त्याच्याही आधीपासून धरले तर सलग 27 सामन्यांत एकही विजय नव्हता, एक तेवढा बरोबरीत सुटलेला. पहिल्या दर्जाच्या विद्यापीठांमध्ये पाचशे पराभवांचा आकडा सर्वांत आधी याच संघाने गाठला होता. स्नायडर यांच्या पहिल्या हंगामात, म्हणजे 1989 मध्ये, संघाने एक सामना जिंकला आणि दहा गमावले. आपल्याकडचे निवेदन त्याच वर्षी तयार झाले असते. विद्यापीठाने त्यांना ठेवले. 1990 मध्ये पाच विजय, 1991 मध्ये सात, 1993 मध्ये नऊ, आणि 1998 मध्ये नियमित हंगामातील अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले. 2005 मध्ये ते निवृत्त झाले, 2009 मध्ये त्यांना परत बोलावले गेले आणि 2018 पर्यंतच्या दोन्ही कारकिर्दी मिळून त्यांच्या खात्यावर 215 विजय आहेत.

यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. हंगामाच्या सुरुवातीचे जे सामने स्वतः ठरवता येत होते, त्यांत त्यांनी मुद्दाम आपल्या ताकदीच्या किंवा कमी ताकदीच्या संघांना बोलावले. त्यावर टीका झाली. पण जी मुले वर्षानुवर्षे हरतच आली होती, त्यांना जिंकताना कसे वाटते ते आधी कळले पाहिजे, असा त्यांचा हिशेब असावा, असे मला वाटते. आपल्या संघाने यात्रांमधील सामने निवडताना याचा विचार करायला हरकत नाही.

उलट बाजूही सांगतो. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने 2023 मध्ये 13 सामने जिंकले आणि 2024 मध्ये, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली, 12 पैकी 10 गमावले. तुमच्या केजच्या संघाचा आकडा अगदी हाच आहे. एका वर्षात तो माणूस खेळ विसरला असे कोणी म्हणू शकणार नाही. संघातील बरीच प्रमुख मुले व्यावसायिक स्पर्धेत निघून गेली होती. त्यालाही विद्यापीठाने ठेवले. तेथे प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले तर कराराचे उरलेले पैसे मोजावे लागतात. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक बदलला तेव्हा ती रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली होती. पैशाच्या धाकाने का होईना, तेथे निर्णयाआधी दहादा विचार होतो. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढायला काहीच लागत नाही, म्हणून आपण तो विचार स्वतःहून केला पाहिजे.


केजकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवार येऊन गेला. आपण जे विचारायला सांगितले ते सगळे विचारले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टाइम आउट. सहा निसटत्या सामन्यांची पाने काढली. दुसऱ्या सत्रातील दोन्ही टाइम आउट फक्त दोन सामन्यांत घेतलेले आहेत, एका सामन्यात एक घेतला आहे आणि तीन सामन्यांत एकही घेतलेला नाही. शेवटचा सामना त्या तिघांपैकी आहे. तो चढाईपटू निर्णायक चढाईला आला नव्हता, त्याआधीची त्यांची चढाई गुण घेऊन गेली होती. अंबाजोगाईच्या सरांचे म्हणणे बरोबर आहे. मी स्वतः टेबलाशी बसलो होतो आणि माझ्याही ते लक्षात आले नाही.

मग मुलांशी बोललो, सरांना न सांगता. ऊसतोडीला गेलेल्या मुलाला सरांनी दोनदा फोन केल्याचे त्याच्या मित्राने सांगितले, परीक्षेचा अर्ज मात्र त्या मित्रानेच भरला होता. मध्यरक्षकाला सर त्या संध्याकाळी काहीच बोलले नाहीत. बसमध्ये ते त्याच्या शेजारी येऊन बसले आणि केजपर्यंत बसून राहिले, एवढेच तो म्हणाला. गुडघ्याचे उत्तर चांगले नाही. तो मुलगा दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून दोन सामने खेळला आणि दुसऱ्या सामन्यात पडल्यावरच बाहेर आला.

शनिवारी संध्याकाळी पाने घेऊन मी सरांच्या घरी गेलो. निवेदनाची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. टाइम आउटचे त्यांनी लगेच मान्य केले. आघाडी असताना खेळ थांबवला की मुलांच्या मनात भीती शिरते, असे त्यांना वाटत आले होते. पण सहा पाने ओळीने पाहिल्यावर त्यांनी माझ्याकडून पेन घेतले आणि ज्या ज्या जागी थांबायला हवे होते त्या जागी फुली मारत गेले. गुडघ्याबद्दल विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी त्याला विचारले होते, तो हो म्हणाला. अठरा वर्षांचा मुलगा दुसरे काय म्हणणार? विचारायला नको होते, बसवायला हवे होते." लातूरच्या ताईंनी लिहिलेले मी त्यांना वाचून दाखवले.

निवेदनावर मी सही केली नाही. माझ्या एकट्याच्या सहीचे वेगळे पत्र प्राचार्यांना दिले आहे. त्यात सरांना आणखी दोन हंगाम द्यावेत, दुखापत झालेल्या खेळाडूला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय उतरवू नये, ऊसतोड कुटुंबातील खेळाडूंच्या वसतिगृहाची सोय दसऱ्याच्या आत पाहावी आणि स्पर्धेआधीचे आठ दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी मॅटवर सराव करू द्यावा, असे लिहिले आहे. टाइम आउटचेही लिहिले आहे आणि ते सरांना दाखवूनच लिहिले आहे. माजी खेळाडूंपैकी दोघे माझ्यावर नाराज आहेत. त्यांचेही संघावर प्रेम आहे, त्यामुळे मी त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे.

गुणपत्रकाची वही सरांनी ठेवून घेतली. सोमवारी सकाळी मी मैदानावर गेलो तेव्हा सहा मुले आली होती. सरांनी तिघांना आत उभे केले, फळ्यावर 27-24 लिहिले, घड्याळात दोन मिनिटे लावली आणि चढाईपटूला सोडले. मध्यरक्षक कोपऱ्याच्या खांद्याकडे पाहत मागे सरत होता.